फक्त भुजंगला काढायचं आहे

केदारखेडा, ता. भोकरदन
२६ ऑगस्ट २०२५

अलीम यास भुजंगचा रामराम.

फोन असताना या माणसानं पत्र का लिहिलं, असं तू म्हणशील. फोनवर मला ओरडून बोलावं लागतं आणि आमच्या घराच्या भिंती एकेरी विटेच्या आहेत. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. उत्तर देशील तेव्हा पाकिटाला गोंद नीट लाव आणि मागं तुझं नाव टाकू नको.

पोळ्याला आकांक्षा आली होती. माझी नात, कल्याणची मुलगी, पुण्यात कंपनीत संगणकाचे प्रोग्राम लिहिते ती. चार दिवस राहिली, पण सुटी अशी नव्हतीच. ओसरीत लॅपटॉप मांडून बसायची. एकदा तिच्या जवळून गेलो तेव्हा ती कानाला यंत्र लावून कुणाला तरी सांगत होती, "सरांना आत्ताच कळू देऊ नको. मी बाहेरच्यांना विचारलंय." मी विचारलं, बाहेरचे कोण? म्हणाली, "आबा, ओळखीचे नाहीत. जगातले कुणीही. त्यांना विचारायचं, ते सांगतात." मी म्हणालो, फुकट? म्हणाली, फुकट. त्यांची खरी नावं काय? म्हणाली, "ते कुणालाच माहीत नसतं."

अलीम, ज्याला नाव नाही आणि जो पैसे घेत नाही, त्याच्याकडून आपण कधी काही घेतलं आहे का?

ती गेली त्या दिवशी मी पंचांग काढायला गेलो, तर त्याखाली तिच्या वहीचं फाडलेलं पान. शब्दाला शब्द उतरवून देतो:

"१ भुजंग. २ कल्याण, वडील भुजंग. ३ आकांक्षा, वडील कल्याण. भुजंग मयत. फक्त भुजंगला काढायचं आहे. पण त्याला काढलं की कल्याण आणि आकांक्षाही जातात. दोन प्रकारे करून पाहिलं, जमलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत झालंच पाहिजे. कुणी मार्ग सांगेल का?"

पान माझ्या कोपरीच्या खिशात आहे. घरात कुणाला दाखवलेलं नाही.

आता याला जोड दे. गेल्या महिन्यात कल्याण मला हसनाबादला घेऊन गेला आणि शेतकरी ओळख क्रमांकासाठी म्हणून यंत्रावर माझा अंगठा घेतला. दोनदा घेतला. पहिला उमटला नाही म्हणाले. सहा एकर सगळी माझ्या नावावर आहे, हे तुला माहीतच आहे.

तू एक्केचाळीस वर्षं घनसावंगीला तहसिलीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिलेस. हा कशाचा कागद आहे ते सांग. वाटलं तर हरकतीचा अर्ज तयार करून पाठव. स्वतःच्या मुलावर आणि नातीवर अर्ज द्यायची पाळी आली तर घर उरणार नाही, हे मला कळतं. पण जिवंतपणी मयत होऊन बसलो तर मी तरी कुठं उरतो?

तिनं बाहेरच्यांना विचारलं त्याच दुपारी आमच्याकडची लाइन गेली आणि तिचं काम अडलं. बरंच झालं म्हणायचं.

भुजंग


घनसावंगी
१ सप्टेंबर २०२५

भुजंग यास अलीमचा सलाम.

पत्र मिळालं. पाकिटावर तू इतका गोंद लावला होतास की तुझ्या मैमूनाभाभीनं शेवटी कात्री घेतली, त्यात तुझ्या दोन ओळी कापल्या गेल्या. मतलब कळला.

कागदाबद्दल. चाल वारसाच्या अर्जाची आहे, हे खरं. मयताचं नाव, मग मुलगा, मग नात, असाच क्रम आम्ही लावायचो. पण मृत्यूची तारीख नाही, गट नंबर नाही, गावाचं नाव नाही. असा अर्ज कुठलाही कारकून घेणार नाही. तेव्हा उद्याच कुणी तुला कागदावर पुरून टाकेल, अशी फिकीर करू नको.

तरी "उद्या संध्याकाळपर्यंत झालंच पाहिजे" हे मला आवडलं नाही. ज्याला घाई असते त्याचा अर्ज मी दोनदा वाचायचो. तेव्हा एवढं कर. तलाठ्याकडून ताजा सातबारा काढ. फेरफाराला काही नोंद लागली आहे का, ते विचार. अंगठा दोनदा का घेतला हे मला सांगता येत नाही. माझाही तिसऱ्यांदा उमटतो, आपल्या बोटांवर आता रेघाच राहिल्या नाहीत.

हरकतीचा अर्ज सोबत आहे. सहीची जागा रिकामी ठेवली आहे आणि तारखेचीही. पण सही करायच्या आधी एक काम कर. पोरीला पत्र लिही आणि सरळ विचार. तू तिला सायकलवर शाळेत नेत होतास. सरळ विचारायला तुला काय जातं?

आणि नावाचं इतकं मनावर घेऊ नको. माणसाचं नाव कुठं कुठं लिहिलं जातं, त्याला पत्ताही नसतो.

अलीम


केदारखेडा
५ सप्टेंबर २०२५

चि. आकांक्षास आबाचा आशीर्वाद.

इकडं सगळे बरे आहेत. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, कपाशी पिवळी पडली आहे. तुझी आजी गुडघ्याला तेल चोळत बसते आणि मला बोलत बसते. तुझं काम बराबर चालू असेल.

तुला एक विचारायचं होतं. गावात एकजण विचारत होता, कोण ते सांगत नाही. तुमच्या त्या यंत्रात जिवंत माणसाला मयत लावता येतं का? आणि लावलं तर त्याला स्वतःला कळतं का?

दुसरं असं की तू ज्या बाहेरच्या लोकांना विचारतेस, त्यांना घरातलं किती सांगतेस? ते लोक उत्तर का देतात? त्यांना काय मिळतं? तुझ्या साहेबाला ते माहीत आहे का?

तू लहानपणी माझ्याशी खोटं बोलली नाहीस. एकदा पेरूचं बोललीस, तेही संध्याकाळी कबूल केलंस.

उत्तर पत्रानंच दे. फोन तुझ्या वडिलांच्या हातात असतो.

तुझा
आबा


पुणे
१२ सप्टेंबर २०२५

आबा, नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. पत्ता वाचूनच सगळे गोळा झाले, पत्र आलेला कुणी माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता.

गावातला तो एकजण कोण ते मला कळलं बरं का. साहेबरावकाकाच असणार, त्यांचं निराधारचं मानधन थांबलं होतं. त्यांना सांगा, हो, लावता येतं. एक कळ दाबायची, झालं. माणसाला काही कळत नाही. खरी अडचण त्याची नसतीच, अडचण मागे राहिलेल्यांची असते. मी सध्या तेच करतेय.

बाहेरच्यांचं म्हणाल तर तो एक मोठा फळा समजा. कामात अडलं की तिथं प्रश्न लिहायचा. आधी शोधायचं, हाच प्रश्न कुणी पूर्वी विचारला आहे का. नसेल तर थोडक्यात लिहायचा, स्वतः काय करून पाहिलं ते सांगायचं. मग जगातला कुणीही उत्तर देतो. त्यांना गुण मिळतात, दुसरं काही नाही. पण एक अट असते. विचारणाऱ्यानं तिथं हजर राहावं लागतं. ते उलट प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर आलं नाही की निघून जातात. पोळ्याच्या वेळी माझं तेच झालं. प्रश्न टाकला आणि नेट गेलं. लाइन तर होती, आजीचा पंखा चालू होता. मग नेटच्या पांढऱ्या डबीची वायर निघालेली सापडली. उंदीर असेल. तोवर दोघंजण चिडून गेले होते आणि माझं सरांसमोर दाखवायचं राहून गेलं. माझी कंपनीत कायम व्हायची तारीख त्याच आठवड्यात होती. असो, बघू.

बाबा म्हणत होते ओळख क्रमांकाचा आणखी एक कागद आला आहे, त्यावर तुमची सही राहिली आहे. करून टाका आबा, उशीर करू नका.

तुमची
आकांक्षा

त्या वेळी वहीचं एक पान तिथंच राहिलं वाटतं. सापडलं तर जपून ठेवा.


केदारखेडा
१७ सप्टेंबर २०२५

अलीम,

तू म्हणालास सरळ विचार. विचारलं. तिचं पत्र सोबत पाठवतो आहे आणि वहीचं मूळ पानही. माझ्याजवळ ठेवायची भीती वाटते, ती ते मागते आहे.

ज्या ओळींखाली मी रेघ मारली आहे त्या वाच. एक कळ दाबायची, माणसाला काही कळत नाही. अडचण मागे राहिलेल्यांची असते आणि "मी सध्या तेच करतेय". हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. आणि शेवटी मला सही करायला सांगते, उशीर करू नका म्हणते.

तलाठ्याकडं गेलो होतो. सातबाऱ्यावर मी आहे. तलाठी म्हणाला, "आबा, तुमी समोर उभे हाय, सातबाऱ्यावर हाय, आनखी कुठं पायजे?" मी म्हणालो, उद्याही राहीन का ते सांग. तो हसला. माझ्या जिवावर हसू नकोस, असं मी त्याला म्हणालो आणि बाहेर आलो.

घरी झुंबरबाईला शेवटी सांगावं लागलं, कारण मी दोन दिवस नीट जेवलो नाही. ती म्हणाली, "तुमाला कागदावर मारून काय व्हनार? तुमची किरकिर तहसिलीपस्तोर ऐकू येती. कोन मानंल मेलात म्हून?" मी म्हणालो, तुझंही नाव त्या पानावर नाही, तुला आधीच काढलेलं दिसतंय. त्यावर तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाली, "पोरगी तशी न्हाई." मी म्हणालो, पोरगी तशी नसेल, पण तो फुकट सांगणारा कोण आहे? ज्याचं नाव कुणाला माहीत नाही तो?

कल्याणच्या कागदावर सही केलेली नाही. चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मा धान्याच्या कोठीत ठेवला आहे.

तुझ्या अर्जावर सही केली. बावीस तारखेला, सोमवारी, भोकरदनला जाऊन देणार. अर्जात "नात" हा शब्द तू दोनदा लिहिला आहेस. एकदाच लिहिला असता तर बरं झालं असतं.

भुजंग


घनसावंगी
२० सप्टेंबर २०२५

भुजंग,

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकतो आहे. तुझा फोन सकाळपासून बंद लागतो आहे. सोमवारी भोकरदनला जाऊ नको. अर्ज देऊ नको. बाकी सगळं मागाहून वाचलंस तरी चालेल.

आता सांगतो. तू उतरवून दिलेलं वाचलं तेव्हा मला त्यात अर्ज दिसला. मूळ पान हातात आलं तेव्हा वेगळंच दिसलं. पोरीनं आधी अख्खं पानभर लिहिलं आहे आणि मग खोडत गेली आहे. कंपनीचं नाव खोडलं, संस्थेचं खोडलं, बाराशे सभासद खोडले, साहेबाची बोलणी खोडली. तिनं फक्त तीन नावं ठेवली. तू खोडलेलं काही उतरवलंच नव्हतंस.

भुजंग, हे काम मी आयुष्यभर केलं. माणूस यायचा आणि बैलापासून सुरुवात करायचा. मी म्हणायचो, चाचा, बैल सोडा, भावजयीचं सोडा, बांध कुठं फुटला तेवढं सांगा. जो एवढंच सांगायला शिकला त्याचं काम जल्दी झालं. तुझ्या नातीनं स्वतःच स्वतःचं खोडलं आहे. जो दगा करणार तो अनोळखी माणसाला समजावं म्हणून इतकी मेहनत घेत नाही.

मी पान माझ्या सुनेला दाखवलं. मारिया शाळेत संगणक शिकवते. ती पाहताच हसली. म्हणाली, "अब्बा, ये तो सवाल है. आधी मराठीत लिहिला, मग इंग्रजीत टाकला असणार." तिनं तो फळा उघडला आणि थोडं शोधून प्रश्न काढून दाखवला. इंग्रजीत तुझं नाव आहे, खाली कल्याण, खाली आकांक्षा. पोरगी एका शेतकरी संस्थेच्या सभासदांची यादी बनवते आहे. सभासद वारला की त्याला यादीतून काढायचं आणि वारस ठेवायचे. पण यादी अशी बांधली आहे की वरचा निघाला की त्याच्या खालचे सगळे निघून जातात. खऱ्या सभासदांची नावं बाहेर दाखवायची बंदी, म्हणून तिनं घरची घातली. याला त्यांच्यात नमुना म्हणतात.

मारियानं उत्तरंही वाचून दाखवली. पहिला म्हणतो, हे अकरा वर्षांपूर्वी विचारून झालं आहे, आधी शोधत जा. दुसऱ्यानं विचारलं, यादी कशी बांधली ते दाखव. त्याला चार तास उत्तर गेलं नाही, तर तो म्हणतो, विचारून पळून जाणाऱ्यांसाठी आम्ही बसलेलो नाही. तिसरा दोन दिवसांनी आला. त्याचं मी मारियाकडून मराठीत लिहून घेतलं:

"भुजंगला काढूच नका. त्याची नोंद जागेवर राहू द्या, तिच्यापुढं फक्त मयत असा शेरा मारा. खालच्या नोंदी तिच्या आधारानं उभ्या आहेत."

आता माझी एक गोष्ट. पहिल्या पत्रात मी ती लपवली.

माझ्याकडं नमुन्यांची एक वही आहे. नवीन माणूस माझ्याजवळ अर्ज लिहायला शिकायला बसला की त्याला ती द्यायचो. वारसाच्या नमुन्यात मयत म्हणून कुणाचं तरी नाव लागायचं. आधी "अमुक" लिहिलं होतं, तर लोक विचारायचे, अमुक कोणत्या गावचा? मेलेल्याचं नाव लिहावं तर त्याच्या घरचे उभे राहतील. जिवंताचं लिहावं तर कोण लिहू देईल? मग मी असं नाव घेतलं की जो माझ्यावर रुसला तरी परत बोलेल, आणि जो घनसावंगीला येऊन ती वही कधी वाचणार नाही. मयत भुजंग, राहणार केदारखेडा. कल्याण झाला त्या वर्षी वारस म्हणून त्याचंही नाव घातलं. त्या पानाच्या किती झेरॉक्स निघाल्या याचा हिशोब नाही. एक्केचाळीस वर्षं मी तुला मारत होतो भुजंग, आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल कधी वाईट आलं नाही.

पहिल्या दिवशी हे सांगितलं असतं तर तू इतका भटकला नसतास. तुझ्या रागाला भ्यालो.

पान परत पाठवतो आहे. पोरीला दे.

अलीम


केदारखेडा
२५ सप्टेंबर २०२५

चि. आकांक्षा,

तुझं पान या पाकिटात आहे. ते पंचांगाखाली होतं. ते उंदरानं नेलं नव्हतं, मी नेलं होतं.

वायरही उंदरानं काढली नाही.

पानाच्या आधीच मला शंका आली होती. तू म्हणालीस की नाव नसलेल्या माणसांना विचारलं आहे, तेव्हा मला वाटलं, उत्तर येण्याच्या आत ती डबी बंद पडलेली बरी. तू आत चहा घ्यायला गेलीस तेव्हा काढली. अलीमलाही मी लाइन गेली म्हणूनच लिहिलं. त्याच्यापाशीही खरं बोललो नाही.

तुझ्यावर आणि कल्याणवर हरकतीचा अर्ज घेऊन मी बावीस तारखेला भोकरदनला गेलो होतो. अलीमचं पत्र मला चोवीस तारखेला मिळालं, म्हणजे ते मला अडवायला वेळेवर आलं नाही. अडलो मी दुसऱ्याच कारणानं. खिडकीवरच्या माणसाला म्हणालो, अर्जाची पोच द्या. तो म्हणाला, शिक्का आत आहे, साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा, पोच उद्या घेऊन जा. मी म्हणालो, पोच न देता माझा कागद तुझ्या हातात कसा ठेवू? तो म्हणाला, "बाबा, इश्वास न्हाई का?" मी म्हणालो, न्हाई. आणि अर्ज परत घेऊन जीपमध्ये बसलो. माझ्या संशयी स्वभावावर तुझी आजी जन्मभर बोलत आली. त्या दिवशी तो कामाला आला.

अर्ज चुलीत घातला. जळताना त्यातला "नात" शब्द दिसला, मग मी तिथून उठलो.

तुझं कायम होण्याचं काय झालं, ते खरं सांग. माझ्यामुळं गेलं असेल तर तसं लिही. लपवू नको. लपवण्यानं काय होतं ते या घरानं महिनाभर पाहिलं.

आबा


पुणे
१ ऑक्टोबर २०२५

आबा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. फार आला. माझ्यावर अर्ज घेऊन तुम्ही तालुक्याला गेलात. मी त्या दिवशी इथं बसून तुमच्यासाठी गरम बंडी शोधत होते. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही.

मग रविवारी ते पान परत वाचलं, तुमच्यासारखं, कंपनीतलं काही माहीत नाही असं समजून. आबा, मीही घाबरले असते.

खरं सांगते. कायम झाले नाही. नोकरी आहे, पण तीन महिने आणखी बघू म्हणाले. सर म्हणाले, चुकलीस याचं काही नाही, पण अडलं तेव्हा मला न सांगता बाहेर का विचारलंस? कारण तुम्हाला सांगते. सरांना विचारलं की ते म्हणणार, एवढंही येत नाही का. अनोळखी माणूस असं म्हणाला तर तेवढं लागत नाही. म्हणजे लपवालपवी मीही केलीच. तो भाग तुमच्यामुळं नाही.

तिसऱ्या माणसाचं उत्तर लागू पडलं. आता भुजंगची नोंद जागेवर राहते आणि कल्याण, आकांक्षा दोघंही राहतात. बाराशे सभासदांचं काम त्यावर चालू झालं.

तो कोण, ते मला अजून माहीत नाही. तिथं आभाराचं लांबलचक लिहायची पद्धत नाही. लिहिलं तर काढून टाकतात. उत्तरापुढं एक हिरवी खूण करायची, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की यानं काम झालं. मी ती केली.

पान सोबत परत पाठवतेय, ते तुमच्याकडंच असू दे. आता एक विचारते. तो प्रश्न तिथं कायम राहील. पुढं कुणाचंही असंच अडलं की तो ते वाचेल. तुमचं नाव तिथं मयत म्हणून राहील. मला ते बदलता येतं. "क, ख, ग" करून टाकू का? तुम्ही म्हणाल तसं.

आकांक्षा

बाबांच्या कागदावर सही करा. चष्मा कोठीत आहे, आजीनं सांगितलं.


केदारखेडा
८ ऑक्टोबर २०२५

चि. आकांक्षा,

चष्मा काढला. कल्याणसमोर त्याचा कागद तीनदा वाचला, मग सही केली आणि त्याची झेरॉक्स काढून घेतली. कल्याण म्हणाला, "आबा, अजून भरोसा न्हाई व्हय?" मी म्हणालो, तुझ्यावर आहे, कागदावर नाही. तो हसला. मीही हसलो असेन.

त्याला सगळं सांगितलं. वायरीचंही. तुझी आई साधना चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "मामंजी, त्या डबीला आता मी कुलूप लावते." लावलं नाही, पण मी त्या भिंतीकडं जात नाही.

अलीम परवा आला होता. घनसावंगीहून जालना आणि तिथून इथं, दोन जीप बदलून, पिशवीत त्याची नमुन्यांची वही. माझं पान काढून त्यानं माझ्यापुढं ठेवलं. कोपरे झिजून गोल झाले आहेत. मी त्याला विचारलं, माझ्या मरणाची तारीख काय घातलीस? त्या जागी त्यानं नुसती टिंबं काढून ठेवली आहेत. म्हणाला, "तेवढी हिंमत न्हाई झाली."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाव बदलू नको. तुझ्या सरांना आधी सांगत जा, मग बाहेर विचार. पण जे विचारलंस ते तसंच राहू दे. एक्केचाळीस वर्षं मी घनसावंगीत मेलेलो होतो आणि त्यानं कुणाकुणाची कामं झाली, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या फळ्यावर आणखी काही वर्षं मेलेला राहीन. फक्त त्या तिसऱ्या माणसाला कुठून तरी विचारता आलं तर बघ, त्यानं असं का सांगितलं. काढू नका, नोंद जागेवर राहू द्या. त्याच्या घरात म्हातारं कोण आहे?

तू परत पाठवलंस ते पान मी पुन्हा पंचांगाखाली ठेवलं आहे. माझ्या नावापुढं, मयत या शब्दाला लागून, मी कंसात "नमुन्यापुरता" असं लिहिलं आणि खाली सही केली. तारखेची जागा रिकामी ठेवली आहे. ती भरायची घाई करू नका.

आबा